बंदरातील एक दिवस : मुरगावला स्वतंत्रपणे उतरणाऱ्या वऱ्हाडी प्रवाशासाठी

समुद्रपर्यटनाचे जहाज, म्हणजे ज्याला आज सर्वत्र क्रूझ म्हटले जाते ते, आपल्या मार्गावरील एखाद्या बंदरात सकाळी धक्क्याला लागते आणि सायंकाळी पुन्हा समुद्रात निघून जाते. या दोन घटनांच्या दरम्यानचे जे आठ-दहा तास प्रवाशाच्या हाती येतात, त्याला बंदराचा दिवस असे म्हणता येईल. हा दिवस घालविण्याचे तीन मार्ग आहेत. जहाजावरच थांबावे, जहाज कंपनीने आखलेली सहल पैसे भरून घ्यावी, किंवा आपले आपण उतरून गाव पाहावे आणि वेळेत परत यावे. प्रस्तुत लेखाचा विषय हा तिसरा मार्ग आहे.

अकोट, तेल्हारा, अंजनगाव, परतवाडा या भागांतील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. अकोटहून मुंबईचा समुद्र सुमारे सहाशे किलोमीटर दूर, आणि मध्ये पूर्णेचे खोरे, खानदेश व सह्याद्री. तथापि गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. मुंबईहून गोव्याकडे प्रवासी जहाजे जाणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. १९७० च्या दशकात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या आगबोटी मुंबई-गोवा वाहतूक करीत होत्या. पण ती वाहतूक गरजेची होती. हौसेची जहाजे नंतर आली. २००५ मध्ये ‘सुपरस्टार लिब्रा’ने मुंबईला तळ ठोकला, २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली, आणि २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’च्या फेऱ्या सुरू झाल्या. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, कापसाचे पैसे हाती आलेले शेतकरी कुटुंब, लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त आईवडिलांना पाठविणारी मुले, असे वऱ्हाडातील प्रवासी आता या जहाजांवर आढळतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पहिले बंदर गोव्याचे मुरगाव असते. म्हणून या लेखात मुरगावचेच उदाहरण घेतले आहे. त्यातील हिशेब मात्र कोणत्याही बंदराला लागू पडतो.

जहाज थांबत नाही

या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. जहाज ही एसटी नव्हे. चालकाला हाक मारून, कंडक्टरला विनंती करून ती दोन मिनिटे थांबविता येत नाही. बंदरातील धक्का तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेला असतो, जहाज बाहेर काढणारा वाटाड्या म्हणजे पायलट आणि ओढबोटी ठरावीक वेळेसाठी बोलाविलेल्या असतात, आणि पुढच्या बंदरातील धक्काही ठरलेला असतो. एक-दोन प्रवाशांसाठी हे सारे गणित कोणी मोडत नाही.

कंपनीने आयोजित केलेल्या सहलीची बस वाटेत अडकली, तर सामान्यतः जहाज तिची वाट पाहते किंवा त्या प्रवाशांना पुढील बंदरात पोहोचविण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्रपणे उतरलेल्या प्रवाशाला ही हमी नसते. जहाज सुटले तर पुढच्या बंदरापर्यंत किंवा घरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते. कंपनीच्या सहलीचे जे जादा पैसे वाटतात, त्यांतील मोठा भाग या हमीचा असतो, हे ध्यानात घेऊन मगच निवड करावी. स्वतंत्र दिवसात पैसे वाचतात, वेग आपला राहतो, चाळीस जणांच्या घोळक्यामागे धावावे लागत नाही. त्याच्या बदल्यात घड्याळाची जबाबदारी स्वतःवर येते.

तासांचा हिशेब

माहितीपत्रकात ‘सकाळी ८ ते सायंकाळी ६’ असे छापलेले असते. वाचणाऱ्याला दहा तास दिसतात. प्रत्यक्षात किती उरतात, ते पाहू.

जहाज आठला धक्क्याला लागले तरी बंदराच्या अधिकाऱ्यांची तपासणी, जिन्यावरील रांग आणि धक्क्यापासून फाटकापर्यंतचा प्रवास यांत तास जातो. म्हणजे नऊ वाजता आपण फाटकाबाहेर. दुसऱ्या टोकाला, सहाला सुटणाऱ्या जहाजावर परतण्याची शेवटची वेळ साधारणतः तासभर आधीची, म्हणजे पाचची असते. या वेळेच्याही दीड तास आधी, साडेतीनला, फाटकाशी पोहोचायचे असे स्वतःवर बंधन घालावे. आता नऊ ते साडेतीन असे साडेसहा तास राहिले. एक तासाच्या अंतरावरचे ठिकाण निवडले तर जाण्यायेण्याचे दोन तास वजा जाऊन साडेचार उरतात, आणि जेवणाचा एक तास वजा केला की साडेतीन. छापील दहा तासांतून प्रत्यक्ष पाहण्यासाठी हाती आलेला वेळ तो एवढाच.

या हिशेबावरून एक सोपा नियम निघतो. बंदराच्या दिवशी एक दूरचे ठिकाण किंवा दोन जवळची ठिकाणे पाहावीत. त्याहून अधिक नाही. उत्तर गोव्यातील कळंगुट मुरगावपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अकोटहून अकोल्याइतके दूर आहे. अंतर ओळखीचे वाटले तरी गोव्यातील वाहतूक आपल्या रस्त्यांसारखी नाही. डिसेंबरच्या अखेरीस किंवा सलग सुट्यांत याच अंतराला दुप्पट वेळ लागू शकतो. दूधसागरचा धबधबा तर स्वतंत्र प्रवाशाने या दिवसाच्या यादीतून सरळ वगळावा. कुळेपर्यंतचा रस्ता आणि पुढे जीपगाडीची रांग यांतच दिवस संपतो.

ज्येष्ठांसोबत जाताना आणखी एक तास वजा धरावा. गुडघेदुखीच्या माणसाला जिना उतरणे, बसमध्ये चढणे, स्वच्छतागृह शोधणे या प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, आणि त्याला घाई केली तर दिवसाचा आनंद जातो.

मुरगाव : बंदर आणि परिसर

झुआरी नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी दक्षिण बाजूला मुरगावचे भूशिर आहे. पणजीपाशी मांडवीच्या मुखात वाळूचा बांध असल्यामुळे मोठ्या जहाजांना तेथे जाता येत नाही, आणि पावसाळ्यात तो मार्ग धोक्याचाच ठरतो. मुरगावला मात्र खोल पाणी आणि नैसर्गिक आडोसा दोन्ही आहेत. पोर्तुगीजांना हे ठाऊक होते. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यात शिरल्या आणि जुवे बेट मराठ्यांच्या हाती गेले, त्यानंतर पोर्तुगीजांनी आपली राजधानीच मुरगावला हलविण्याचा बेत केला होता. तो पुरा झाला नाही. पुढे १८८० च्या दशकात येथे बंदर आणि रेल्वे एकाच वेळी आकाराला आली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मुरगावला भारतातील प्रमुख बंदरांत स्थान मिळाले. खनिज लोहाची निर्यात ही त्याची मुख्य ओळख राहिली असल्याने, जहाजातून उतरताना पहिल्या दृष्टिक्षेपात नारळीची बाग नव्हे तर क्रेन आणि मालाचे ढीग दिसतात. यामुळे निराश होण्याचे कारण नाही.

बंदराच्या आवारात मोकळे फिरता येत नाही. फाटकापर्यंत बंदराच्या किंवा जहाजाच्या बसने जावे लागते. तेथून वास्को शहर तीन-चार किलोमीटरवर आहे. आसपासचा बराच भाग नौदलाच्या ताब्यात असल्याने, जेथे छायाचित्रणास मनाईचा फलक असेल तेथे भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा.

फाटकाबाहेरची वाहने

फाटकाबाहेर पडताच टॅक्सीचालकांची गर्दी भेटते. येथे दहा मिनिटे शांतपणे घालविणे पुढे फायद्याचे ठरते. दिवसभराची टॅक्सी ठरविताना चार गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात : एकूण रक्कम, कोणकोणती ठिकाणे, थांबण्याचे पैसे त्यात धरले आहेत की नाहीत, आणि परतीची फाटकाशी पोहोचण्याची वेळ. ही बोली मराठीतच करता येते. गोव्यात मराठी पुष्कळांना समजते, अनेकांना बोलताही येते. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा दूरध्वनी लिहून घ्यावा. ‘गोवामाइल्स’ ही भ्रमणध्वनीवरून बोलाविता येणारी टॅक्सीसेवा २०१८ पासून आहे. तथापि स्थानिक टॅक्सीचालकांशी तिचा वाद जुना असून प्रत्येक ठिकाणी ती मिळेलच असे नाही. त्यामुळे परतीसाठी केवळ तिच्यावर विसंबू नये.

काटकसरीचा आणि तरीही भरवशाचा मार्ग म्हणजे कदंब परिवहन महामंडळाची बस. १९८० मध्ये स्थापन झालेले हे महामंडळ म्हणजे गोव्याची एसटी होय. वास्को स्थानकावरून पणजी आणि मडगाव या दोन्ही शहरांना मध्ये न थांबणाऱ्या बस जातात. तिकीट खिडकीवरच मिळते, रांगेने चढावे लागते. दोन्ही शहरे वास्कोपासून साधारण तीस किलोमीटरवर आहेत. पूर्वी पणजीच्या वाटेवर झुआरीचा जुना पूल हा खोळंब्याचा हमखास मुक्काम होता. २०२२ आणि २०२३ मध्ये नवा पूल दोन टप्प्यांत खुला झाल्यापासून हा प्रवास पुष्कळ सुकर झाला आहे.

एकट्या प्रवाशासाठी गोव्याची स्वतःची अशी एक सोय आहे. पिवळ्या-काळ्या रंगाच्या परवानाधारक मोटारसायकली भाड्याने प्रवासी नेतात, आणि त्यांच्या चालकाला येथे ‘पायलट’ म्हणतात. मागे एकच माणूस बसतो. जवळच्या अंतराला हे वाहन सर्वांत जलद. दुचाकी स्वतः चालविण्यासाठी भाड्याने घेण्याचा मोह तरुणांना होतो, पण बंदराच्या दिवशी तो टाळलेलाच बरा. छोटासा अपघात, पंक्चर किंवा कागदपत्रांची तपासणी एवढ्यानेही जहाज हुकू शकते.

तीन आखण्या

पहिली आखणी जवळच्या जवळ. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले किंवा प्रथमच समुद्र पाहणारे यांच्यासाठी ही सर्वांत योग्य होय. फाटकातून वास्कोमार्गे दाबोळीजवळच्या बोगमाळो रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात जावे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर ही नौदलाने वापरलेली विमाने उघड्यावर मांडलेली आहेत. सोमवारी संग्रहालय बंद असते. तेथून बोगमाळोचा किनारा जवळच आहे. अर्धचंद्राकृती, लहान आणि उत्तर गोव्याच्या मानाने शांत. दुपारचे जेवण तेथेच घेऊन परतताना वास्कोच्या बाजारातील दामोदराच्या देवळात टेकता येते. श्रावणातील अखंड भजनी सप्ताहासाठी हे देवस्थान गोव्यात प्रसिद्ध आहे. या साऱ्या फेरीत आपण बंदरापासून दहा-बारा किलोमीटरपेक्षा दूर जात नाही, म्हणून मन निश्चिंत राहते.

दुसरी आखणी जुने गोवे आणि पणजी. बंदरापासून तीस-पस्तीस किलोमीटर. बॉम जेझस बॅसिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष तेथे आहेत. समोरच से कॅथेड्रल आहे. गोव्यातील ही चर्चे व मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत फिरता येत नाही, आणि खांदे व गुडघे झाकणारा पोशाख सर्व दिवशी अपेक्षित असतो. जांभ्या दगडाची ही बॅसिलिका, बाहेरून गिलावा नसल्याने, आपल्या नरनाळ्याच्या काळ्या दगडी बांधकामाशेजारी मनातल्या मनात ठेवून पाहावी. दोन्ही वास्तूंचे स्वरूप तेथील मातीने आणि खडकाने कसे ठरविले, ते लगेच कळते. पणजीत आदिलशहाचा जुना राजवाडा, त्याशेजारचा आबे फारियांचा पुतळा, महालक्ष्मीचे देऊळ आणि फोंतांइन्यश भागातील रंगीत घरे पायी पाहता येतात. वेळ उरल्यास मिरामारचा किनारा शहरातच आहे.

तिसरी आखणी देवालयांची. वऱ्हाडातील कुटुंबांना मंगेशी आणि शांतादुर्गा या नावांची ओढ असते. थोड्यांनाच ठाऊक असते की या देवतांची मूळ स्थाने मुरगाव बंदराच्या वाटेवरच होती. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी म्हणजे आजचे कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळशी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडण्यास आरंभ केल्यावर भक्तांनी मूर्ती नदीपार, तेव्हा पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालात नेल्या. आजचे फोंडे ते हेच. कवळे येथील शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकात, छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. बंदरापासून मंगेशीपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर अंतर पडते. मंगेशी, त्यालगतचे म्हार्दोळ आणि कवळे ही तीन देवालये एका टॅक्सीत होतात, मात्र त्या दिवशी समुद्रकिनाऱ्याचा नाद सोडावा लागतो. तो तर जहाजावरून दिसतच असतो.

समुद्र आणि विहीर

आपल्याकडील माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत, पूर्णेच्या किंवा शहानूरच्या डोहात. कमरेला पांगारा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला आपण पट्टीचे पोहणारे आहोत असा विश्वास असतो, आणि स्थिर पाण्यात तो खराही असतो. समुद्राचे पाणी स्थिर नसते. येथे दरवर्षी जे पर्यटक बुडतात, त्यांत समुद्राची सवय नसलेल्या आतल्या भागांतील तरुणांचाही समावेश असतो. म्हणून हा भाग घाईने वाचू नये.

लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाण्यासाठी एखादी अरुंद वाट धरते. तेथे लाटा फुटताना दिसत नाहीत, पाणी वरवर शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडतो. हा उलटा ओढ माणसाला आत नेतो. त्याच्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केल्यास दम तुटतो. अशा वेळी घाबरून न जाता किनाऱ्याला समांतर पोहत राहावे. ओढ अरुंद असल्याने तो काही अंतरावर संपतो, आणि मग किनाऱ्याकडे वळता येते. दम नसेल तर हात उंचावून तरंगत राहावे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक नेमलेले आहेत. सर्वसाधारणपणे सकाळी साडेसातपासून सायंकाळी सहापर्यंत ते कामावर असतात. लाल-पिवळ्या निशाणांच्या दरम्यानच पाण्यात जावे, आणि केवळ लाल निशाण असेल तर अजिबात जाऊ नये. पोटात मद्य असताना गुडघाभर पाणीही पुष्कळ झाले. किनाऱ्यावर मद्यपान करणे व उघड्यावर स्वयंपाक करणे हे २०१९ पासून दंडास पात्र आहे. सोबत गॅसची शेगडी नेण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ती घरी ठेवावी.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत आपल्यालाही उपयोगी पडेल, कारण तिला लागते ती फक्त भिंतीवरची दिनदर्शिका. पंधरवड्यातील तिथीचा अंक पाऊणपट केला की मुंबईकडील पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. गोव्यात ती वेळ काहीशी आधी येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठे असते. ओहोटीच्या वेळी मुलांना ओल्या वाळूवर मनसोक्त खेळू द्यावे, पण खडकांवर बसून छायाचित्रे काढताना पाठीमागून पाणी वाढते आहे का, याकडे एकाने तरी लक्ष ठेवावे.

उन्हाविषयी एक गैरसमज आहे. अकोल्याचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा काढणाऱ्याला गोव्याचे तेहतीस अंश काहीच वाटत नाहीत. पण आपल्याकडील हवा कोरडी, घाम येताच वाळतो आणि अंग थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही. शरीर तापत जाते आणि ते उशिरा लक्षात येते. टोपी, पाणी आणि दुपारी बारा ते तीन सावली, हे पथ्य पाळावे. गोव्यातील पुष्कळ दुकानेही दुपारी एकनंतर दोन-तीन तास बंद असतात. त्या वेळी जेवण आणि विश्रांती योजल्यास दिवस आपोआप जुळून येतो.

खाणे व खरेदी

सकाळची न्याहारी जहाजावर पोटभर करावी, तिचे पैसे भरलेले असतात. शाकाहारी मंडळींनी बंदराच्या गावी उपासमारीची भीती बाळगू नये. वास्को, पणजी, मडगाव या तिन्ही ठिकाणी उडुपी पद्धतीची उपाहारगृहे आहेत, आणि पाव-पातळभाजीचा गोव्याचा नाश्ता तर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसालाही रुचतो. मासे खाणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या महागड्या ठिकाणांऐवजी शहरातील साध्या खाणावळीत भात, आमटी, तळलेला मासा आणि सोलकढी असे ताट मागवावे.

काजू, कोकम आणि बेबिंका या वस्तू नेण्याजोग्या आहेत. विकत घेतलेली मद्याची बाटली जहाजावर चढताना काढून घेतली जाते व सफर संपताना परत मिळते. त्यापुढे ती महाराष्ट्रात नेण्यावर उत्पादनशुल्काचे निर्बंध आहेत. म्हणून ही खरेदी न केलेलीच सोयीची.

कागदपत्रे, दूरध्वनी आणि घड्याळ

उतरताना जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. कार्डाविना परत चढता येत नाही. आदल्या रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रमपत्रक दिले जाते किंवा जहाजाच्या भ्रमणध्वनी-प्रणालीवर येते. त्यात परतण्याची शेवटची वेळ आणि बंदरातील प्रतिनिधीचा म्हणजे पोर्ट एजंटचा क्रमांक असतो. हे दोन्ही कागदावर लिहून कुटुंबातील प्रत्येकाच्या खिशात ठेवावे. भ्रमणध्वनी बंद पडला, हरवला किंवा माणसे चुकली तर हाच कागद कामी येतो.

खोल समुद्रात जहाजाचे उपग्रहाधारित जाळे भ्रमणध्वनी आपोआप पकडतो आणि मोठे देयक येते. म्हणून जहाजावर असताना तो विमानस्थितीत ठेवावा आणि किनाऱ्यावर उतरल्यावर चालू करावा.

परदेशी बंदरांत घड्याळाचा आणखी एक पेच असतो. श्रीलंकेची वेळ आपल्याइतकीच आहे. सिंगापूर व मलेशिया आपल्या अडीच तास पुढे, तर दुबई दीड तास मागे आहे. जहाज स्वतःची वेळ बदलेलच असे नाही. त्यामुळे ‘साडेचारला परत’ म्हणजे कोणाच्या घड्याळातील साडेचार, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. परदेशी बंदरात उतरायचे तर व्हिसाचा नियम आधीच पाहावा. देशांतर्गत असूनही लक्षद्वीपला उतरण्यास प्रवेशपरवाना लागतो. शिवाय तेथे मोठे जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेले जाते. जाताना व येताना या होड्यांच्या रांगेसाठी अर्धा-पाऊण तास अधिक धरावा. समुद्र खवळला तर उतरणे रद्दही होते, आणि तो निर्णय कप्तानाचा असतो. कोचीला हा प्रश्न येत नाही. विलिंग्डन बेटाच्या धक्क्यावरून फोर्ट कोचीची मासेमारीची चिनी जाळी आणि मट्टनचेरीचा राजवाडा अर्ध्या दिवसात सहज पाहून होतात.

जहाज चुकलेच तर

सर्व दक्षता घेऊनही असे घडले, तर धक्क्यावर वेळ न दवडता प्रथम बंदरातील प्रतिनिधीला दूरध्वनी करावा. जहाजाशी संपर्क साधण्याचे आणि मागे राहिलेल्या सामानाची व्यवस्था लावण्याचे काम त्याच्यामार्फत होते. मुरगावहून पुढचे बंदर मुंबई असेल तर मडगाव स्थानकावरून कोकण रेल्वेने रात्रीतून मुंबई गाठता येते. जानेवारी १९९८ मध्ये हा मार्ग पूर्ण खुला झाल्यापासून गोव्यात अडकलेल्या माणसाची फार मोठी सोय झाली आहे. रक्तदाब, मधुमेह यांची दोन दिवसांची औषधे, एक एटीएम कार्ड आणि थोडी रोकड ही प्रत्येक वेळी अंगाशी असावी, ती याच कारणाने. अपघात किंवा आजारपणात गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

अकोटहून निघताना

हाच घड्याळाचा नियम घर सोडतानाही लागू होतो. अकोट-अकोला रेल्वे ब्रॉडगेज होऊन २०२२ मध्ये पुन्हा धावू लागली असली, तरी मुंबईसाठी अकोल्यालाच गाडी बदलावी लागते. रात्री अकोल्याहून निघून सकाळी मुंबईत पोहोचायचे आणि त्याच दुपारी जहाज धरायचे, असा बेत पुष्कळ जण आखतात. इगतपुरीच्या घाटात किंवा कल्याणच्या अलीकडे गाडी तीन तास रखडली, तर भरलेले सारे पैसे पाण्यात जातात, कारण उशिरा आलेल्या प्रवाशाला परतावा मिळण्याची तरतूद बहुधा नसते. त्यामुळे एक दिवस आधी मुंबईत पोहोचावे. बॅलार्ड पिअरचा धक्का छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. जहाजांचा हंगाम पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो. कापूस वेचणीच्या धांदलीत ज्यांना निघता येत नाही, त्यांना फेब्रुवारी व मार्च हे महिने सोयीचे. तेव्हा समुद्र शांत असतो आणि नाताळच्या गर्दीपेक्षा दरही पुष्कळदा कमी असतात.

उतरण्यापूर्वी खिशातील कागदावर पुढील सहा गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : जहाजाचे नाव, धक्क्याचा किंवा फाटकाचा क्रमांक, परतण्याची शेवटची वेळ, आपण ठरविलेली दीड तास आधीची वेळ, बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी आणि कुटुंब चुकामुकीत विखुरले तर भेटण्याचे एक ठिकाण. शेवटची गोष्ट सर्वांना तोंडपाठ असावी, लहान मुलांनाही.